चौथ्या नावाची घागर

एसटीत मी एकतीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. धुळे विभागात प्रेमराज चेकर म्हटलं, की जुने कंडक्टर अजून शर्टाचं वरचं बटण लावतात. काम साधं होतं. गाडी थांबवायची, चढायचं, आधी डोकी मोजायची, मग तिकिटं. दोन आकडे जुळले नाहीत की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी सापडणार असायचं. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी खोड गेली नाही. पंगतीत बसलो तरी मी पत्रावळी मोजतो, आणि बायको कोपर मारते.

या खोडीपायीच २०२३च्या जानेवारीत नगरपालिकेने एक काम माझ्या गळ्यात घातलं. आमचं पिंपळकोठे शिरपूरच्या अलीकडे, हायवेपासून चार किलोमीटर आत. बसस्टँडसमोरच्या चौकात एक चौथरा आहे. त्यावरच्या काळ्या दगडावर लिहिलंय, 'दुसऱ्या महायुद्धात कामी आलेले या गावचे वीर', आणि खाली चार नावं. रस्ता रुंद करायचा म्हणून चौथरा मागे सरकणार होता. दगड आधीच तडकलेला, तेव्हा नवाच कोरायचं ठरलं. मुख्याधिकारी सुलक्षणा मॅडम नव्या होत्या आणि काटेकोर होत्या. म्हणाल्या, "नाना, चारही नावांची खात्री करून मला लेखी द्या. अक्षय तृतीयेनंतर दगड कोरायला टाकू."

तीन नावांचं काम दोन दिवसांत उरकलं. त्यांच्या घरी फोटो, पदकं, सरकारी कागद, सगळं होतं. चौथं नाव तोताराम सुका पाटील. त्याच्याबद्दलची माहिती मला लहानपणापासून पाठ होती. तोताराम मेलाच नाही. पलटणीतून पळाला आणि तिकडेच कुठे दुसरा संसार थाटला. त्याच्या घराला गाव पळपुट्याचं घर म्हणायचं. मीही म्हणायचो.

गावाकडे याचा पुरावा होता, आणि गावाच्या मते तो बिनतोड होता. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. मातीची कोरी घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. घागर पुजली की उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, आणि दर बोटाला घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. पितर त्या दिवशी पाणी प्यायला येतात. तोतारामची बायको ताईबाई दर आखाजीला सासऱ्याचं बोट ओढायची, थोरल्या दिराचं ओढायची, नवऱ्याचं मात्र कधीच नाही. कपाळाला शेवटपर्यंत ठसठशीत कुंकू. गावातल्या बायका येता-जाता उंबरठ्यावरची बोटं मोजतात, मोजायचा मक्ता काही एकट्या माझा नाही. बोट नाही म्हणजे माणूस मेला नाही. मेला नाही आणि घरीही आला नाही, म्हणजे पळाला. सरकारची पेन्शनसुद्धा त्या घरात कधी आली नाही. गावाने निकाल लावून टाकला.

मग दगडावर नाव कसं? तर नगरपालिकेची चूक. दर सव्वीस जानेवारीला हेडमास्तर तीन नावं पुकारतात, तीन हार पडतात, आणि चौथ्याच्या वेळी माइकवाला गाणं लावतो. त्या वर्षीही तसंच झालं. मॅडमनी विचारलं, चौथं का नाही पुकारलं? मी म्हणालो, आणि सवयीने मोठ्यानेच म्हणालो, "चौथा विनातिकीट आहे मॅडम." आजूबाजूचे खो खो हसले. हसणं थांबल्यावर मला दिसलं, की कापडाच्या दुकानाच्या पायरीवर प्रमिलाबाई उभी आहे.

प्रमिलाबाई ही तोतारामची एकुलती मुलगी. बाप पलटणीत गेला तेव्हा अंगावर पिणारी होती, आता ऐंशीची. धरणगावला दिली होती. नवरा वारल्यावर माहेरच्या रिकाम्या घरात येऊन राहिली. त्याच दुपारी ती माझ्या दारात आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"भाऊ, नाव काढानं व्हई तं काढी टाका," ती म्हणाली. "पन पहिले माले सांगा, मना बाप मरी गया का पयी गया? मेला व्हई तं मी त्यानी घागर भरसू. जिता व्हता नि उना नही, तं त्याले पानी कसाले देऊ? ऐंशी वरीसनी व्हयनू मी. आते तरी माले समजाले पाहिजे."

नाव राखा म्हणून भांडायला आली असती तर मी चार नियम ऐकवले असते. ती नुसतं विचारायला आली होती. मला माझ्या तोंडाची लाज वाटली. म्हटलं, "अक्का, आखाजीच्या आत शोधतो." आणि शब्द दिल्यावर लक्षात आलं, की कुठून सुरुवात करायची तेच माहीत नाही.

धुळ्याला सैनिक कल्याणच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस. म्हणाला, पलटणीतला नंबर आणा, एका दिवसात सांगतो. नुसत्या नावावर काही होत नाही. प्रमिलाबाईकडे नंबर नव्हता. बापाचा फोटोसुद्धा नव्हता. मग नातवाने मोबाइलवर युद्धात मेलेल्यांची यादी काढून दिली. तोताराम नावाचे अकरा निघाले. कुणाच्या पुढे बापाचं नाव नाही, कुणाच्या पुढे गाव नाही. मी अकराही नावं वहीत उतरवून घेतली आणि पंधरा दिवस त्यांच्याकडे पाहत बसलो.

मार्चमध्ये नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात १९७३ सालचं ठरावबुक सापडलं. 'वीरांच्या नावाची शिला बसवणे' असा ठराव, आणि खाली नावं तीन. मी पुन्हा मोजली. तीनच. तीन तिकिटं, चार प्रवासी! माझ्यातला चेकर उठून बसला. गावाचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि खोटं का सांगू, घटकाभर मला आनंद झाला. घरी येऊन जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. गाडीत फुकट्या माणूस आपल्या पायांनी चढतो. दगडावर कुणी आपल्या पायांनी चढत नाही, त्याला दुसऱ्याने चढवावं लागतं. मग पळपुट्या माणसाला कुणी चढवलं, आणि कशासाठी?

दगड तोवर काढून नगरपालिकेच्या मागच्या आवारात, कचऱ्याच्या गाड्यांपाशी ठेवला होता. मी चष्मा लावून त्याच्यापुढे उकिडवा बसलो. तीन नावं ऐसपैस, चौथं खाली दाटीवाटीने, पण हात तोच. नंतर कुणी वेगळ्याने केलेलं ते काम नव्हतं. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत कारागिराचं नाव होतं: पुना. विचारपूस केली तेव्हा कळलं, पुना पाथरवट वारून वीस वर्षं झाली, त्याचा मुलगा रुपचंद धुळ्याला हायवेवर ग्रॅनाइटचं दुकान चालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी धुळे गाठलं.

रुपचंदने मला खुर्ची दिली आणि दगडाचं नाव काढताच हसला. "बाप ती गोष्ट दर दिवाळीला सांगायचा. दगड तीन नावांचा तयार होता. उद्या सकाळी पाहुण्यांच्या हस्ते पडदा उघडायचा, आणि आदल्या संध्याकाळी गनीभाई पोस्टमन चिठ्ठी घेऊन आले. म्हणाले, चौथं कोर. बापाने विचारलं, हुकूम कुणाचा? ते म्हणाले, माझा. बापाला आलेली पत्रं जन्मभर त्यांनीच वाचून दाखवली होती. नाही कसं म्हणणार? रात्रीतून कोरलं. सकाळी पडदा उघडला तेव्हा नगराध्यक्षांना वाटलं, कलेक्टर कचेरीने घातलं. कचेरीवाल्यांना वाटलं, नगरपालिकेने. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून स्वतःवर चरफडत होतो. तोतारामची चौकशी करत मी गावातली चाळीस घरं पालथी घातली होती. भाऊबंद झाले, शेजारी झाले, शेताचे बांधकरी झाले. गनीभाईंचं घर चौकापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथे मी गेलो नव्हतो. पाटलाच्या घरच्या पितराची चौकशी मोहल्ल्यात कोण करतं? मी तरी केली नव्हती.

गनीभाई जाऊन चाळीस वर्षं होत आली. घरात त्यांची सून हसीनाबी, तिचा मुलगा रमीज आणि नात महेक. रमजानचे दिवस होते. हसीनाबीने मला माठातलं पाणी दिलं, मी संकोचलो तर म्हणाली, "रोजा मना शे भाऊ, तुमना थोडी शे. प्या." पाणी पिता पिता माझी नजर कामाला लागली. तिवईवर पाण्याचे दोन माठ. आणि कोपऱ्यात, वेगळी, पालथी ठेवलेली एक कोरी लहान घागर.

"भाभी, ही तिसरी कशाला?"

"ती पिवानी नही. आखाजीनी शे."

"आखाजी? तुमच्याकडे?"

"आमनी नही," हसीनाबी म्हणाली. "तोताराम फौजीनी शे."

मी तांब्या खाली ठेवला. मग ती सांगत गेली आणि मी, ज्याने आयुष्यभर लोकांना मध्येच तोडलं, गप्प बसून ऐकलं.

१९४४ची आखाजी. तिच्या आदल्या दिवशी तार आली. गनीभाई शिरपूरहून टपाल घेऊन पायी येत होते. ताईबाई विहिरीवर धुणं धूत होती. त्यांनी तिथेच तार वाचून दाखवली. तिने एकच विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही, ते म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, मग अजून कुणाला सांगू नका. घरी सासू होती, डोळे गेलेली. थोरला मुलगा आदल्या साली साप चावून गेलेला, त्या धक्क्यातून म्हातारी उठली नव्हती. धाकटा फौजेतून येईल, या एका आशेवर दोन घास खात होती. ताईबाईने ठरवलं, चार महिने जाऊ देऊ, जरा सावरली की सांगू. पण आखाजी उद्यावर होती. उंबरठ्यावर एक बोट जास्त ओढलं असतं तर तासाभरात शेजारीण म्हातारीला सांगायला आली असती.

म्हणून ताईबाई दुसऱ्या दिवशी पदराखाली घागर घेऊन गनीभाईंच्या मागच्या दारी आली. तिथे घागर भरली, तिथल्या उंबरठ्यावर बोट ओढलं. नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडून निघेना. तेव्हा गनीभाईंच्या बायकोने ते घेतलं.

"मनी सास," हसीनाबी म्हणाली. "ती म्हने, तोताराम. मंग ताईबाई हात जोडे. मी लगीन करीसन उनू तईपाईन दर साल देखं."

"पण चार महिन्यांनी का नाही सांगितलं?"

"म्हातारी मरे तव्हय ना. बारा वरीस जगनी ती." हसीनाबीने सुस्कारा सोडला. "बारा वरीसनंतर कसं सांगी, भाऊ? गाव इचारी, बाई, बारा वरीस कुकू कसाले लावं?"

मला ताईबाईचा राग आला. एका म्हातारीसाठी नवऱ्याला जन्माचा पळपुट्या करून ठेवला. आणि लगेच कळलं, की पळपुट्या तिने केला नाही, आम्ही केला. ती फक्त गप्प राहिली. पेन्शनचे कागद आले तेही तिने परत पाठवले, कारण घेतले असते तर गावच्या पाटलाचा दाखला लागला असता, आणि गावभर झालं असतं. आणि तार? तार त्याच दिवशी चुलीत गेली होती. म्हणजे कागद म्हणून हाती काहीच नव्हतं.

"आणि दगडावरचं नाव?"

हसीनाबी पहिल्यांदाच हसली. "सासरा म्हने, बोलानं नही असं कबूल कयं व्हतं. कोरानं नही असं कोठे सांगं व्हतं?"

ताईबाई १९९६ साली धरणगावला लेकीच्या घरी वारली. त्यानंतर घागर हसीनाबीच्या सासूने भरली, सासूनंतर हसीनाबी भरते. मी विचारलं, तुम्ही का? तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "घरमा उना मानूसले पानी इचारतस ना?"

तिने मला मागचं दार दाखवलं. सागवानी उंबरठा, पायांनी झिजलेला. एका बाजूला, पाय पडत नाही अशा जागी, बोटाएवढा लालसर डाग लाकडात मुरला होता. बावन्न वर्षं त्याच जागी ओढलेलं बोट. "कुकू आमी लावतस नही," हसीनाबी म्हणाली. "ते तिनं काम व्हतं."

"प्रमिला अक्काला हे कधी बोलला नाहीत?"

"तिले माहीत नही का?" ती चपापली. "माले वाटे, मायनी पोरले सांगं व्हई."

मी तिथून सरळ प्रमिलाबाईकडे गेलो. ती ओसरीवर गहू निवडत होती. मी बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. तिचे हात सुपातच थांबले. मग म्हणाली, "मायले लकवा मारना व्हता. आखरी सहा महिना वाचा नही व्हती. रोज हात माठकडे करे. मी पानी देऊ, ती मान फिराई ले. परत हात माठकडे. मी चिडू, भाऊ. म्हनू, माय, पानी मांगस नि पेत नही, काय चाळा लायात?"

तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले. कुणी पाहील म्हणून मी फाटकाकडे बघत बसलो.

सुलक्षणा मॅडमना मी दोनपानी अहवाल दिला. रुपचंदचा जबाब, हसीनाबीचा जबाब, दोघांच्या सह्या, आणि शेवटी एक ओळ: चौथं नाव कायम ठेवावं. मॅडमनी वाचलं. "नाना, यात सरकारी कागद एकही नाही."

"नाही," मी म्हणालो. "पण मेल्याशिवाय आमच्याकडे घागर भरत नाहीत, मॅडम. आणि ही १९४४पासून भरली जातेय."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मग सही केली. माझ्या वहीतल्या अकरा तोतारामांपैकी १९४४च्या आखाजीच्या आगेमागे गेलेले दोनच निघाले. एकाची इटलीत कबर आहे, दुसऱ्याचं नाव ब्रह्मदेशाच्या बाजूला एका भिंतीवर आहे. आपला कोणता ते अजून कळलेलं नाही. शोध चालू आहे.

त्या वर्षी आखाजी आणि ईद एकाच दिवशी आली, बावीस एप्रिलला. प्रमिलाबाई मला म्हणाली, भाऊ, तुम्ही बरोबर चला. ती सांजोऱ्यांचा डबा आणि कुंकवाची डबी घेऊन पुढे, मी डांगर घेऊन मागे. मोहल्ल्यात सगळीकडे नवे कपडे, गळाभेटी. हसीनाबीच्या घरातून शिरखुर्म्याचा वास येत होता. मागच्या दाराशी घागर पाण्याने भरून तयार होती. ऐंशीवी घागर.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. हसीनाबी म्हणाली, "अक्का, आते ही तुमना घर ली जा. तुमनी अमानत शे. रमीज पोचाडी दी."

प्रमिलाबाईने घागरीकडे पाहिलं, मग उंबरठ्यावरच्या त्या डागाकडे. खाली वाकून तिने त्यावरून हात फिरवला. "नको," ती म्हणाली. "ऐंशी वरीस मना बाप आठेच पानी पिवाले येस. तठे गया तं कोन ओळखी त्याले? पयपुट्या म्हनीसन दार लाई लेतीन. आठेच राहू द्या."

हसीनाबीने मान हलवली आणि तिला बसायला पाट दिला. प्रमिलाबाईने डबी उघडली, बोट कुंकवात बुडवलं आणि तिथेच थांबली. तिने वळून हसीनाबीला विचारलं, "मी त्याले काय म्हने व्हसू? दादा? बा? मायनी काही सांगं व्हतं का?"

हसीनाबीला माहीत नव्हतं. माहीत असणारं आता कुणीच नव्हतं. मग प्रमिलाबाईने आईच्या डागावर बोट टेकवून ओढलं, आणि हेडमास्तर चौकात पुकारतात तसं, खणखणीत आवाजात, पूर्ण नाव घेतलं, "तोताराम सुका पाटील."

कुणी गाणं लावलं नाही. मी पुढे झालो आणि हातातलं डांगर घागरीवर ठेवलं.